न ठोकता वाजणारी थाळी

(पडदा काळा. फक्त आवाज : ठण्ण्…)

देवळातली घंटा वाटली ना? ट्रकचा ब्रेक ड्रम आहे, बिडाचा. नाशिकमधल्या द्वारकेच्या एका गॅरेजमागून किलोच्या भावानं उचललेला. जमिनीवर ठेवून मारला तर नुसता 'ठक' करतो. दोरीला टांगला की बोलतो.

(सातपूर, नाशिक. पत्र्याचं शेड.)

दर रविवारी इथं चार पोरांच्या रॉक बँडची तालीम चालते. ड्रमकिट आहे, पण झांजा काढून कोपऱ्यात ठेवल्यात. त्यांच्या जागी हा ब्रेक ड्रम आणि ऑइलचं रिकामं पिंप. ड्रमरच्या हातात टिपरू, गणपतीत ढोलावर पडतं तेच.

हे खूळ जुनं आहे. साठच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये वेल्वेट अंडरग्राउंड या बँडची मॉरीन टकर बास ड्रम आडवा टाकून उभ्यानं वाजवायची. १९८० मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन हा बँड निघाला. नाव घेताना जीभ अडखळते, अर्थ मात्र सोपा : कोसळणाऱ्या नव्या इमारती. ही मंडळी पत्रे, स्प्रिंगा, ड्रिल मशीन घेऊन स्टेजवर चढली. लंडनच्या टेस्ट डेप्टनं तर भंगार बडवत, १९८४-८५ च्या संपातल्या वेल्श खाणकामगारांच्या गायकवृंदाला सोबत घेतलं.

अशा वाजवण्याला रॉकवाले सर्रास 'ट्रायबल' म्हणतात. झांज नाही, नुसते टॉम (किटमधले छोटे ढोल) धपाधप, की झालं ट्रायबल! आमच्या ड्रमरचंही हेच मत होतं. मग तो सुरगाण्याला, आदिवासी भागात, गेला.

(सुरगाणा. रात्र. अंगण.)

कोकणा या आदिवासी जमातीतल्या कथेकऱ्यापुढे काशाची थाळी. मधोमध मेणानं उभी चिकटवलेली काडी. तो थाळी ठोकत नाही. चिमटीत काडी धरून बोटं वरून खाली ओढतो, पुन्हा वर नेतो, पुन्हा ओढतो. काडी थरथरते, थाळी गुणगुणते, आणि त्या एका सुरावर कथा रात्रभर चालते. जेवणाचंच भांडं. धपाधप कुठंच नाही.

ड्रमर दोन तास गप्प बसून होता. त्याला ओळखणाऱ्यांना विचारा, हे किती अवघड आहे.

(पुन्हा सातपूर.)

घरची थाळी आणली. मेण दोनदा सुटलं, काडी एकदा मोडली. तिसऱ्यांदा सूर लागला, पण गिटारच्या अँपपुढे कुणाला ऐकूच येईना. शेवटी गिटारवाल्यानं कुरकुरत अँप बंद केला.

आता जी गुणगुण ऐकू येतेय ती फ्रीजची नाही. शेडमध्ये फ्रीज नाहीये.