कार्डावरचे पहिले आकडे

[पडद्यावर: कार्डाचा जवळून दिसणारा पुढचा भाग. पहिला अंक ठळक होतो.]

पाकिटातलं कार्ड काढा आणि फक्त पहिला अंक पाहा. ४ असेल तर व्हिसा. ५ असेल तर बहुतेक मास्टरकार्ड; २०१७ पासून २ नं सुरू होणारी मास्टरकार्डंही आली. ३४ किंवा ३७ म्हणजे अमेरिकन एक्स्प्रेस, आणि त्यावर अंक सोळा नसतात, पंधरा असतात.

ही वाटणी आयएसओ ७८१२ या आंतरराष्ट्रीय मानकातली. ते एकट्या बँकांसाठी नव्हतंच. त्यात १ विमान कंपन्यांना मिळाला, ३ प्रवास-करमणुकीला, ७ पेट्रोलवाल्यांना, तर ८९ दूरसंचाराला. सिमकार्डावरचा तो बारीक, लांबलचक नंबर कधी वाचलाय? भारतात तो ८९९१ नं सुरू होतो. पुढचा ९१ आपल्या देशाचा.

रुपे २०१२ मध्ये आलं, तेव्हा ४ आणि ५ वर आधीच मोठ्यांचं बस्तान होतं. त्यामुळे रुपेची कार्डं ६०, ६५, ८१, ८२, ५०८ अशी विखुरलेली दिसतात. त्यातही ६५ वर अमेरिकेतल्या डिस्कव्हरची कार्डं आहेतच! म्हणजे दोन अंकांवर भागत नाही.

[पडद्यावर: दुकानातलं स्वाइप मशीन.]

खरी ओळख पहिल्या सहा अंकांत. त्याला म्हणतात बिन. पिनकोडवरून पत्र पोस्टात पोहोचतं, तसा बिनवरून व्यवहार कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. दुकानदाराची बँक वेगळी, तुमची वेगळी. मधलं नेटवर्क हे आकडे बघून कुणाला विचारायचं ते ठरवतं.

पण सहा अंकांत जास्तीत जास्त दहा लाख बिन बसतात, आणि बँका, वॉलेट, प्रीपेड कार्डं वाढतच गेली. म्हणून मानकानं बिन आठ अंकी केला. व्हिसा आणि मास्टरकार्डनं एप्रिल २०२२ पासून तो लागू केला. सोळा अंकांतला शेवटचा पडताळणीचा. आयबीएमच्या हान्स पीटर लुन यांनी १९५४ मध्ये पेटंटसाठी मांडलेल्या रीतीनं तो काढतात. मग खात्यासाठी उरतात सात, म्हणजे एका बिनमागे एक कोटी कार्डं. पूर्वी ती शंभर कोटी होती. एवढी कुठल्या बँकेला लागणार होती?

[पडद्यावर: वाजणारा मोबाइल.]

आता फोनवरचा ‘बँक अधिकारी’. तो तुमच्या कार्डाचे पहिले सहा अंक घडाघडा म्हणून दाखवतो आणि समोरचा गारद होतो. वास्तविक एका प्रकारच्या हजारो कार्डांवर तेच सहा अंक असतात, आणि बिनच्या याद्या कुणालाही सापडतात. शेवटचे चार सांगितले तरी भुलण्यासारखं काही नाही. ते पावतीवर छापलेले असतात. त्याच्याकडे नसतात ते मधले अंक, सीव्हीव्ही आणि ओटीपी. फोन त्यासाठीच आलेला असतो.