पेठची एसटी, सीईटीचा माउस

[दृश्य : पेठ बसस्थानक, नाशिक जिल्हा, सकाळ. वडील आणि मुलगी. मुलीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत हॉल तिकीट.]

निवेदन :
वडिलांचं तिकीट पूर्ण, मुलीचं अर्धं. आज तिची एमएचटी-सीईटी आहे, म्हणजे राज्याची अभियांत्रिकी प्रवेश परीक्षा, पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटाची. केंद्र नाशिकला, आडगावच्या बाजूला. दुपारचं सत्र मिळालं, हे नशीबच. सकाळचं असतं तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जावं लागलं असतं.

[दृश्य : खिडकीतून कोटंबी घाट. वळणं. पानं झडलेले साग.]

हा घाट पार करायचा, मग सावळघाट. गाडी डुलतेय आणि मुलगी मांडीवर वही ठेवून सूत्रं वाचतेय. घाटात वाचलं की मळमळतं, हे तिला ठाऊक आहे. तरी वाचतेय.

[दृश्य : कॉलेज रोड, नाशिक. क्लासेसचे फ्लेक्स, हसरे चेहरे, दशांश चिन्हानंतर सात आकडे.]

हे आकडे गुण नव्हेत, पर्सेंटाइल आहेत. 99 पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्रातल्या शंभरातल्या 99 जणांना तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत चालते. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी, म्हणून प्रत्येक सत्राचा हिशेब आधी वेगळा करून मग एकच यादी लावतात. फ्लेक्सवर अर्थात एवढं लिहायला जागा नसते.

थोडं मागे जाऊ. 2014 आणि 2015 मध्ये राज्यातले अभियांत्रिकीचे प्रवेश देशपातळीवरच्या जेईई मेन परीक्षेचे गुण धरून झाले. 2016 पासून पुन्हा सीईटी. तेव्हाही ती कागदावरच होती, गोल काळे करायचे होते. 2019 मध्ये परीक्षा संगणकावर गेली. पेपरांचे गठ्ठे वाहायचे थांबले. सोय झालीच. कोणाची, ते पुढच्या दृश्यात बघा.

[दृश्य : कनिष्ठ महाविद्यालयाचा संगणक कक्ष, सराव परीक्षा. कॅमेरा फक्त हातावर.]

परीक्षेच्या खोलीत कॅमेरा नेता येत नाही, म्हणून हे सरावाचं चित्रीकरण. तिचा हात बघा. मनगट ताठ, माउस मुठीत धरलेला. बाण ‘ब’ पर्यायावर न्यायचा असतो, तो ‘क’च्या पुढे निघून जातो. मग मागे. क्लिक. आता नीट पाहा : उत्तर निवडलं, पण ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ दाबलंच नाही, उजवीकडच्या यादीतून थेट दुसऱ्या प्रश्नावर उडी मारली. आधीच्या प्रश्नाच्या चौकटीचा रंग हिरवा झाला नाही, लालच राहिला. उत्तर येत होतं, पण नोंदलं गेलं नाही.

भौतिक आणि रसायनचे मिळून शंभर प्रश्न, वेळ नव्वद मिनिटं. एका प्रश्नाला 54 सेकंद. त्यातच खाली कच्च्या कागदावर आकडेमोड करायची, मान वर करून पडद्यावर पर्याय शोधायचा, पुन्हा खाली. नव्वद मिनिटं संपली की तो भाग आपोआप बंद होतो आणि गणित उघडतं. त्याचे पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून सर पुन्हा पुन्हा बजावतात, “एकही सोडू नका.”

अकरावी-बारावीची दोन वर्षं हिने फळ्यावरून उतरवून घेतली. कॉलेज रोडवरचा मुलगा दर रविवारी पडद्यावर चाचणी देतो. अभ्यासक्रम दोघांचा एकच, राज्य मंडळाचा. हिच्याकडे माउस आला तो परीक्षेच्या तोंडावर, तोही आळीपाळीने वापरायच्या बोलीवर. या विषमतेवर कुठल्याच सत्राचा हिशेब लागू पडत नाही.

[दृश्य : निमाणी बसस्थानक, नाशिक. सिटीलिंक शहर बसची गर्दी. मग केंद्राचं फाटक, रांग, ओळखपत्रांची तपासणी.]

पेठहून आलेले बरेच जण पंचवटीतच उतरतात आणि निमाणीवरून शहर बस धरतात. फाटकापाशी घड्याळ, मोबाइल, पाकीट सगळं पालकांच्या हवाली. वडिलांच्या दोन्ही खिशांत आता मुलीचंच सामान आहे.

“पाणी पिऊन जा गं.”

“हो आबा.”

[दृश्य : वडील फाटकाबाहेर, सावली शोधताना. संवाद नाही. दहा सेकंद तसंच ठेवावे.]

[दृश्य : मोबाइलवर निकाल. चेहरा. मग ‘कॅप’चा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, पसंतीक्रम भरताना.]

निकाल आला. पुढे कॅप फेऱ्या, पर्याय अर्ज, जागावाटप. कोणाला हवी ती शाखा मिळते, कोणी बीएस्सीकडे वळतं, कोणी पुढच्या वर्षी पुन्हा बसतं. हिने पसंतीक्रमात वरची कॉलेजं सगळी नाशिकची भरली आहेत. पुण्याचं एक आहे, अगदी खाली. वसतिगृहाचा खर्च विचारला, तेव्हा ते वरून खाली आलं.

[श्रेयनामावली. पार्श्वसंगीत नको, एसटीच्या इंजिनाचा आवाज चालेल.]