कपाटातला न धुतलेला रोल

नमस्कार श्रोतेहो. १८९७ च्या जुलैमध्ये आंद्रे, स्ट्रिंडबर्ग आणि फ्रँकेल हे तिघे स्वीडिश साहसवीर हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाले. तिसऱ्या दिवसानंतर फुगा बर्फावर उतरला तो उठलाच नाही. तिघेही पुढे क्विटोया बेटावर मरण पावले. १९३० मध्ये, म्हणजे ३३ वर्षांनी, त्यांचा तळ सापडला आणि स्ट्रिंडबर्गनं काढलेली फिल्मही. स्टॉकहोमच्या जॉन हर्ट्झबर्ग यांनी ती ओली, डागाळलेली फिल्म धुतली आणि २४० पैकी ९३ चित्रं वाचवली. त्यातल्या एकात फुगा बर्फावर आडवा पडलाय आणि दोघं जण त्याच्याकडे बघत उभे आहेत. तिसरा अर्थातच कॅमेऱ्यामागे!

हे सांगतोय अशासाठी, की आजोबांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यामध्ये अडकलेला रोल ‘आता काय उपयोग’ म्हणून फेकून देणारी माणसं मी पाहतो, आणि जीव तुटतो. फेकू नका हो!

फिल्मवर उजेड पडला की चांदीच्या क्षारांच्या कणांवर चांदीचे मोजके अणू तयार होतात. चित्र असतं ते एवढंच. डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुण्याचं रसायन, ते वाढवून दाखवतो. ध्रुवाकडच्या थंडीनं ते जपलं. आपल्याकडची उष्णता आणि दमट हवा मात्र हे अणू हळूहळू पुसते, आणि ज्या कणांवर उजेड पडलाच नाही तेही काळे व्हायला लागतात. म्हणून जुनी निगेटिव्ह करडी, धुरकट निघते. कमी वेगाची फिल्म त्यातल्या त्यात जास्त टिकते.

कॅमेऱ्यात रोल असेल तर बघायला म्हणूनसुद्धा मागचं झाकण उघडू नका. आणि रोल डोळे झाकून रंगीत फोटोंच्या लॅबमध्ये देऊ नका. त्या प्रक्रियेत शेवटी सगळी चांदी धुऊन काढतात. साध्या कृष्णधवल फिल्मचं चित्र चांदीचंच, त्यामुळे हाती कोरी पट्टी येते. काही कृष्णधवल फिल्म मुद्दाम रंगीत प्रक्रियेसाठी बनवलेल्या असतात, पण तसं रोलवर छापलेलं असतं. ते आधी वाचा.

कृष्णधवल धुणारा जाणकार मिळाला, तर त्याला अंधारात रोलच्या टोकाचा छोटा तुकडा कापून आधी तो धुऊन बघायला सांगा. फार तर एक फोटो जाईल, पण बाकीच्या रोलला किती वेळ द्यायचा ते कळेल. धुरकटपणा कमी ठेवायला एचसी-११० सारखा डेव्हलपर चांगला. त्यात थोडं बेन्झोट्रायझोल घालतात, पण बेतानं, कारण जास्त झालं तर पुसट चित्रही दबतं. मे महिन्यात आपल्या नळाचं पाणी तापलेलं असतं, आणि जुन्या फिल्मवरचा जिलेटिनचा थर त्यात मऊ पडून सुटू शकतो. फिल्म धुण्याच्या टाकीभोवती बर्फ ठेवून डेव्हलपर २० अंशांवर आणावा. हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं द्रावण, आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाचं हवं, नाहीतर थराला सुरकुत्या पडतात.

कोकणातल्या घरांत कधी कधी रोलचा कागद ओलीनं फिल्मला चिकटलेला असतो. तो ओढून काढायचा नाही. अंधारातच थंड पाण्यात भिजू द्यायचा, आपोआप सुटेपर्यंत.

जाणकार मिळेपर्यंत कॅमेऱ्याबाहेरचा रोल हवाबंद डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर मात्र डबी लगेच उघडू नका, आत दव धरतं. दोन-तीन तास तशीच राहू द्या.