पेढे नंतर, आधी नीट सांग

नमस्कार मंडळी. जेवणं झाली असतील, नाहीतर कुकरची तिसरी शिट्टी व्हायची असेल. रेडिओ ओट्यावर ठेवून ऐकत असाल तर आवाज जरा वाढवा, कारण आज मी गॅसबद्दलच बोलणार आहे. म्हणजे मैत्रीबद्दल, पण सुरुवात गॅसपासून.

झालं काय, की वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी मी स्कूटर शिकले. हसू नका. डोंबिवलीत स्टेशनपर्यंत रिक्षाची लाइन लावून लावून वैतागले होते, एक दिवस मनाशी म्हटलं बास, आता आपली आपण जायचं. लर्निंग निघालं, पक्क्या लायसन्सच्या टेस्टला गेले, आणि तिथे तो आठचा आकडा काढायचा असतो ना, त्यात दुसऱ्या वळणावर माझा पाय टेकला. पाय टेकला की संपलं, पुढच्या वेळी या. दुसऱ्यांदा गेले तेव्हा मात्र अख्खा आठ काढला, पाय वर, गाडी सरळ, उतरले तर गुडघे असे लटपटत होते की बाजूच्या एका कॉलेजच्या पोरानेच स्टँड लावून दिला.

बाहेर येऊन पहिला फोन नवऱ्याला. पास झाले म्हटलं. तो म्हणाला, "अरे वा, छान. पण हायवेला न्यायची नाही हां. आणि हेल्मेट चांगलं बघून घे, रस्त्यावरचं नको." काळजीच आहे हो, मला कळतं, माणूस वाईट नाही. पण फोन ठेवला तेव्हा माझ्या फुग्यातली निम्मी हवा गेलेली होती.

दुसरा फोन मैत्रिणीला. मागे फोडणी तडतडत होती. मी एवढंच म्हटलं, "अगं, ऐक ना." ती म्हणाली, "थांब, गॅस बंद करते." खट्ट आवाज आला, खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि मग म्हणाली, "हां, बोल. पाय टेकलास का?"

बघा, तिने पास झालीस का असं विचारलंच नाही. कारण गेले दोन महिने माझ्या पायाचीच चर्चा चालू होती. लोकलमध्ये रोज. आठ काढताना चाकाकडे बघायचं नाही, लांब बघायचं, हे तिनेच मला सांगितलेलं, डब्याच्या खिडकीवर बोटाने आठ काढून दाखवलेला, शेजारची बाई वैतागेपर्यंत. तो प्रश्न जगात दुसरं कुणी विचारू शकलं नसतं. मग मी सगळं सांगितलं, पहिलं वळण, दुसरं वळण, तो पोरगा, तो स्टँड. वीस मिनिटं. तिची आमटी थंड झाली असणार.

आपल्याकडे म्हणतात, संकटात कळतो तो खरा मित्र. मी काही ते खोटं म्हणत नाही, हॉस्पिटलमध्ये रात्रभर बाकड्यावर बसणारी माणसं मीही बघितली आहेत. पण मंडळी, संकटात आपल्याकडे माणसं येतातच. चाळ असो, सोसायटी असो, कुणाकडे काही वाईट झालं की अर्ध्या तासात चप्पल ठेवायला जागा उरत नाही. अवघड आहे ते आनंदाच्या वेळी येणं. पेढा खायला सगळे येतात, ते सोडा. आनंद ऐकायला कोण येतं?

आणि हे नुसतं माझं डोकं नाही बरं का. अमेरिकेत शेली गेबल नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हेच अभ्यासलं, की माणूस चांगली बातमी दुसऱ्याला सांगतो तेव्हा नेमकं काय होतं. तर सांगितल्यामुळे जो आनंद होतो तो त्या घटनेच्या आनंदावर आणखी वरचा असतो, पण समोरचा कसा ऐकतो त्यावर बरंच ठरतं. पुढे २००६ मध्ये त्यांनी जोडप्यांवर अभ्यास केला, तर नातं किती बरं चाललंय हे वाईट बातमीला जोडीदार कसा वागतो यापेक्षा चांगल्या बातमीला कसा वागतो यावरून जास्त कळलं. मी हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हेल्मेट घेतलंस का?"

गेबलबाईंनी ऐकण्याच्या चार तऱ्हा सांगितल्यात, आणि चारही आपल्या घरात रोज सापडतात. समजा सूनबाईने घरी येऊन सांगितलं, मला प्रमोशन मिळालं. एक जण म्हणतो छान छान आणि नजर टीव्हीवर. दुसरा म्हणतो येताना दूध आणलंस का. तिसरा म्हणतो म्हणजे आता अजून उशीर होणार रोज, झेपणार आहे का तुला. आणि चौथा एखादाच, जो म्हणतो, "आँ? कधी कळलं? कुणी सांगितलं? तू काय म्हणालीस मग?" नातं घट्ट होतं ते या चौथ्यामुळे. बाकीच्या तिघांपैकी दूधवाल्याचा मला फार राग येत नाही, भूक लागलेली असेल बिचाऱ्याला. तो तिसरा, काळजीवाला, तो मात्र आपल्या मराठी घरांचा खास नमुना आहे.

कारण आपल्याला आनंदाची भीतीच घातलेली असते लहानपणापासून. फार हसू नकोस, रडशील. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. सगळीकडे सांगत सुटू नकोस, दृष्ट लागेल. माझे वडील तर तोंडावर कधी शाब्बास म्हणाले नाहीत. स्कॉलरशिपला माझा नंबर आला तेव्हा मला म्हणाले, "ठीक आहे, अजून अभ्यास कर." आणि संध्याकाळी मी साखर आणायला गेले तर वाणी म्हणतो, "काय बाई, स्कॉलरशिप काढलीस म्हणे, बाबा सांगत होते तुझे, दोनदा सांगून गेले." न्हाव्याला माहीत, पोस्टमनला माहीत, मला सोडून सगळ्यांना माहीत की माझ्या बापाला किती आनंद झालाय. त्या पिढीचं तसंच होतं. पण साखरेची पुडी घेऊन घरी येताना मला वाटलेलं, मला का नाही सांगितलं? अजून वाटतं.

बरं, मग ही गॅस बंद करणारी माणसं मिळतात कुठे? कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये याचा चक्क तासांत हिशोब मांडला. ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला साधारण ५० तास लागतात, नीट मित्र व्हायला ९० च्या आसपास, आणि जवळचा मित्र व्हायला २०० पेक्षा जास्त. मी हे वाचलं आणि लगेच आमच्या लोकलचा हिशोब केला. डोंबिवली ते सीएसएमटी सकाळी तास-सव्वा तास, महिन्याचे बावीस दिवस धरा, म्हणजे पंचवीसेक तास. आठ महिन्यांत दोनशे! तरीच. तरीच लेडीज डब्यातल्या मैत्रिणी अशा असतात. मटार सोलत, कोथिंबीर निवडत, चौथ्या सीटवर अर्धं टेकून. दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं लागतात, संक्रांतीला हळदीकुंकू होतं, एकीचं तर आम्ही डोहाळजेवण केलं होतं चालत्या गाडीत, ठाणे ते दादर, ओटी भरायला गर्दीतून हात कसा काढायचा हाच प्रश्न होता.

गंमत म्हणजे हॉल असंही सांगतात की एकत्र काम केल्याचे तास यात फारसे मोजले जात नाहीत. माझ्या शेजारच्या टेबलावर बारा वर्षं एकच बाई बसते, चांगली आहे, स्टेपलर देते, पण मला तिच्या मुलीचं नाव आठवायला दोन सेकंद लागतात. तास नुसते असून चालत नाहीत, त्यात कामाबाहेरचं काहीतरी पडावं लागतं, पायाच्या गोष्टी, सासूच्या गोष्टी, फसलेल्या अनारशांच्या गोष्टी. मग बातमी आली की तिला मागची सगळी कथा माहीत असते, आणि प्रश्न आपोआप बरोबर येतो.

मला यावरून नेहमी खाशाबा जाधव आठवतात. १९५२, हेलसिंकी, कुस्तीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपण ते परतल्यावरची मिरवणूक फार कौतुकाने सांगतो, कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून जास्त बैलगाड्या, १५१ हा आकडा तर पाठच झालाय सगळ्यांना. पण त्या गाड्या काय नुसत्या पदकासाठी जुंपल्या होत्या? हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, गावाने वर्गणी काढली होती, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपल बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७ हजार रुपये दिले असं सांगतात. म्हणजे बैलाच्या शिंगाला रंग लावणाऱ्या माणसाला मागची कथा माहीत होती. तो बघ्या नव्हता, त्याचे दोन-चार आणे त्या पदकात होते. आणि खाशाबांनीही परत आल्यावर कुस्त्या भरवून त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं. मला तर ही गोष्ट पदकाइतकीच मोठी वाटते.

आता आपल्या बैलगाड्या म्हणजे फॅमिली ग्रुप. कुणाची बातमी आली की खाली त्रेचाळीस वेळा अभिनंदन, अभिनंदन, फुलांचा गुच्छ, हात जोडलेले, आणि मध्येच एक काका ज्यांनी वर वाचलेलंच नाही ते सकाळचा सुविचार टाकतात. वाईट काही नाही त्यात. पण त्रेचाळिसांतला एकही जण फोन करून विचारत नाही की झालं कसं. आणि दुसरं ते "पार्टी कधी?" हे ऐकायला फार आपुलकीचं वाटतं, पण नीट बघा, पार्टी कधी म्हटलं की विषय संपतो. समोरचा हसतो, देऊ ना, म्हणतो, झालं. त्याला जे सांगायचं होतं ते तसंच पोटात राहतं.

हे मी शहाणपणाने बोलतेय पण माझंच सांगते. त्याच मैत्रिणीची मुलगी सीए झाली. फायनल, तिसऱ्या प्रयत्नात. तिचा फोन आला तेव्हा मी बँकेच्या रांगेत, माझा नंबर जवळ आलेला, मी म्हटलं, "अगं वाऽऽ, काँग्रॅट्स, पार्टी पाहिजे हां मोठी!" आणि ठेवला फोन. काही चुकलंय हेसुद्धा मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत पेढे वाटले तिने, सगळ्यांना, मलाही, पण खिडकीकडे तोंड करून बसली. असे तीन दिवस. चौथ्या दिवशी मुंब्र्याला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तिला विचारलं, "रिझल्ट उघडला कुणी? तिनेच की तू?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तिचे हात कापत होते गं. मला म्हणाली आई तू टाक नंबर. आणि मी नंबरच चुकीचा टाकला." आणि मग जी सुटली ती दादर येईपर्यंत. साइट कशी फिरत होती, बाप कसा बाथरूममध्ये जाऊन बसला होता, पोरगी आधी रडली की हसली. समोरच्या बाईने मटार सोलायचे थांबवून ऐकलं. मी माफी वगैरे मागितली नाही, तिनेही काही काढलं नाही, उतरताना माझ्या पर्समध्ये अजून दोन पेढे कोंबले तेवढंच.

घरातही तेच. मुलगा नऊ वर्षांचा आहे. परवा तो क्यूब घेऊन धावत आला, पहिल्यांदा सहाच्या सहा बाजू जुळवलेल्या, आणि मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून म्हटलं, छान, होमवर्क झाला का. तो गेला. थोड्या वेळाने खाली बघते तर वॉचमन काकांच्या खुर्चीपाशी उभा. काकांनी क्यूब हातात घेतला, उलटासुलटा फिरवून सगळा विस्कटला, त्याच्या हातात परत दिला आणि म्हणाले, "आता परत करून दाखव. सावकाश. मला बघायचंय कसं करतोस." मी गॅलरीतून बघत होते. सोळा मिनिटं लागली त्याला. मध्ये दोन गाड्या आल्या, काकांनी गेट उघडलं, परत येऊन खुर्ची ओढून बसले, "हां, मग ही पिवळी बाजू कुठे गेली?"

आता तो नवीन काही जमलं की आधी खाली जातो. मी म्हटलंय त्याला, काकांचं झालं की मलाही दाखव. बघू, अजून माझा नंबर लागलेला नाही.

वेळ संपत आली, खुणा चालल्यात समोरून. एक शेवटचं, ते तुम्हा सगळ्यांसाठी नाही, एकाच श्रोत्यासाठी आहे. आई, तू ऐकत असशील, दादाने लावून दिला असेल रेडिओ. मागच्या सोमवारी तुझा फोन आला होता, विहिरीजवळच्या कलमाला पहिल्यांदा कैऱ्या धरल्यात म्हणून, सहा वर्षांनी, आणि तू सांगत होतीस की मी मोजल्या, सतरा आहेत. आणि मी म्हटलं, "बरं आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते," आणि केलाच नाही. तर आता इथून घरी पोचायला मला तासभर लागेल. पोचले की फोन करते. झोपू नकोस. कोणत्या फांदीला किती आहेत, माकडांनी किती नेल्या, उतरवायच्या कधी, सगळं सांग. मी गॅस बंद करून बसते.