साठ दिवस आईचे

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. ओळखीतला कुणी त्यांना म्हणाला, एका दवाखान्यात बाळ आहे, आई द्यायला तयार आहे, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊ, थोडे पैसे द्यावे लागतील. बाई मला विचारत होत्या, "ताई, चालेल ना?"

नाही चालणार. पुन्हा सांगते, नाही चालणार. पैसे देऊन मूल घेतलं की कायद्याच्या लेखी ते विकत घेतलं. त्याला 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपये दंड आहे. आणि स्टॅम्पपेपरवर त्या आईचे 60 दिवस कुठेच नसतात.

हे 60 दिवस काय, ते एका गोष्टीतून सांगते. मी बाल कल्याण समितीवर, म्हणजे निराधार आणि सोपवलेल्या मुलांचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या सरकारी समितीवर, काम करत होते तेव्हाची. नावगाव सांगत नाही, ते सांगायचंही नसतं.

वीस वर्षांची पोरगी, लग्न न झालेली, बारा दिवसांचं बाळ घेऊन आली. सोबत तिची आई. सगळं बोलणं आईच करत होती. पोरगी खाली मान घालून दुपट्याचा काठ बोटाला गुंडाळत बसलेली. दुपटं जुन्या हिरव्या इरकलीचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. (दुकानातली कडक, चित्रांची दुपटी बघितली की मला वाईट वाटतं. बाळाच्या अंगाला आजीच्या लुगड्यासारखं दुसरं काही नाही, हे मी कुणालाही सांगेन.) तर, मूल सोपवल्याचा कागद मी तिला मोठ्यानं वाचून दाखवला. लग्न झालेलं असेल तर आईबाप दोघांच्या सह्या लागतात, इथे तिची एकटीची पुरेशी होती. तेव्हा तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "म्या परत आले तर?"

मी म्हटलं, "आजपासून 60 दिवस. त्या दिवसांत तू आलीस तर बाळ दुसऱ्या कुणाला देता येत नाही."

"कसली येतीया परत," तिची आई म्हणाली. "लगीन व्हायचंय आजून पोरीचं."

सही झाली. जाताना पोरीनं कात्री मागितली. दुपटं मधोमध कापलं, अर्धं बाळाला गुंडाळलं, अर्धं पिशवीत घातलं.

चौपन्नाव्या दिवशी दार ढकलून कोण आलं? पोरगी नाही, तिची आई. एकटीच, सकाळच्या पहिल्या एस.टी.नं. कागदाची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी कमरेला खोचलेली. म्हणाली, "पोरगी जेवंना. ते फडकं उशाला घेऊन निजती. द्या माझं नातवंड."

आणि मला तिला 'नाही' म्हणावं लागलं. "मावशी, सही तुमची नाही, तिची आहे. तिलाच यावं लागेल, तिच्या मनानं." म्हातारी उभ्या उभ्या रडली. मी कॅलेंडर दाखवलं, सहा दिवस आहेत अजून, म्हटलं. चहाही न घेता दुपारच्या गाडीनं परत गेली. सत्तावन्नाव्या दिवशी दोघी आल्या. चौकशी, जबाब, सगळं रीतसर झालं. शिशुगृहातल्या बाईंनी बाळ आणलं तेव्हा पोरीनं पिशवीतून तो अर्धा तुकडा काढला आणि बाळाच्या तुकड्याशी काठाला काठ लावून बघितला. आजी म्हणाली, "माझंच लुगडं हाय ते. शिवीन आता."

हे 60 दिवस उलटले, कुणी आलं नाही, तरच समिती मुलाला दत्तकासाठी मुक्त ठरवते. त्याआधी नाही. कितीही मोठ्या माणसाचा फोन आला तरी नाही.

आता मूल हवं असणाऱ्यांसाठी. नाव 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, पोर्टलवर स्वतः नोंदवायचं, त्यासाठी दलाल लागत नाही. मग समाजसेविका घरी येऊन अहवाल करते. दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल तर नवराबायकोच्या वयांची बेरीज 85 च्या आत हवी. एकट्या व्यक्तीचं वय 40 च्या आत. लग्नाला निदान 2 वर्षं झालेली हवीत. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. वाट बघावी लागते, काहींना काही वर्षंसुद्धा. आणि मूल घरी आलं की त्याला दत्तक असल्याचं लहानपणीच सांगा, मांडीवर घेऊन सांगा. लग्नात कुणा आत्याबाईच्या तोंडून कळायची वेळ आणू नका.

नात्यातलं मूल मांडीवर घ्यायचं, तर हिंदू, बौद्ध, जैन, शीख घरांत 1956 चा हिंदू दत्तक कायदा वापरतात. तिथेही पैशांचा व्यवहार नाही. पूर्वी मूल देण्याचा अधिकार बापाचा आणि आईची फक्त संमती, असं होतं. 2010 पासून आईला बापाइतकाच अधिकार आहे, दोघांची संमती लागते. पण नीट ऐका, या वाटेला 60 दिवस नाहीत. एकदा रीतसर दिलं की ते दत्तक रद्द होत नाही. म्हणून थोरल्या जावेला मूल नाही म्हणून धाकटीचं द्या, असं घरात ठरत असेल, तर धाकटीला एकटीला बाजूला घेऊन विचारा. सासूसमोर नव्हे.

फोनवरच्या त्या बाईंनी शेवटी विचारलं, "मग त्या बाळाच्या आईचं काय?" मी त्यांना मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर दिला, तुम्हीही लिहून घ्या. 1098. दहा, नऊ, आठ. फुकट आहे, रात्रीही लागतो. त्या आईला सांगा, कशावरही सही करायच्या आधी हा फोन कर.

दहा, नऊ, आठ. नमस्कार.