‘श्यामची आई’ चाळिशीत पुन्हा वाचताना

नमस्कार मंडळी. (हातातलं जुनं पुस्तक कॅमेऱ्याजवळ धरते.) ही माझी ‘श्यामची आई’. पुठ्ठा निखळलाय, कडा पिवळ्या पडल्यात. पहिल्या पानावर बक्षिसाचा शिक्का आहे, इयत्ता चौथीचा.

लहानपणी जीव लावलेलं पुस्तक मोठेपणी उघडायला धीर होत नाही. ते आता फिकं वाटलं तर? मीही हे पुस्तक कित्येक वर्षं उघडलं नव्हतं. गेल्या महिन्यात मुलीसाठी काढलं. आता रोज झोपताना एक ‘रात्र’, म्हणजे एक प्रकरण वाचतो; मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. पुस्तकात अशा 42 रात्री आहेत.

आधी खटकतं ते सांगते. प्रत्येक रात्रीच्या सुरुवातीला आश्रमाचं, निसर्गाचं जे वर्णन येतं, ते आज लांबलेलं वाटतं. उपदेशही जागोजागी आहे. तिथे मी चक्क दोन-चार ओळी गाळते. साने गुरुजींनी यातलं बहुतेक सगळं नाशिकच्या तुरुंगात 9 ते 13 फेब्रुवारी 1933 या पाच दिवसांत लिहून काढलं. भरल्या मनाने, एका दमात लिहिलेलं आहे, आणि ते वाचताना जाणवतं.

पण गोष्ट सुरू झाली की मी पुन्हा तिथेच असते. ‘थोर अश्रू’ आठवतंय ना? आंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई धोंड्यावर आपले ओचे पसरते. पायांना जपतोस तसं मनालाही जप, हे तिचं सांगणं आपल्या सगळ्यांना पाठ आहे. चौथीत मला तेवढंच दिसलं होतं. आता दिसलं ते ओलं लुगडं. दिवेलागणीची वेळ, कामं पडलेली, आणि ही बाई ती ओल अंगावर तशीच वागवत घरात जाते. त्या ओळीवर माझा आवाज दाटला.

कर्जाच्या प्रकरणांचंही तसंच. लहानपणी मी ती भरभर उलटायचे, कारण त्यात श्यामची खोडी नसायची. आज गृहकर्जाचा हप्ता भरणारी मी ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ हे शीर्षक वाचून पुस्तक मिटून बसले. खरं तर हे पडझड झालेल्या एका घराचं पुस्तक आहे. माहेरच्यांच्या आधाराने राहण्यापेक्षा आपली झोपडी बरी म्हणणारी बाई त्यात आहे. तिला नुसती प्रेमळ माऊली म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. ती करारी आहे. पोहायला घाबरून लपलेल्या मुलाला ती शिंपटीने मारत विहिरीकडे पाठवते.

आणि मग आली ‘देवाला सारी प्रिय’ची रात्र. एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी खाली पडलेली असते, तिला हात लावायला कुणी पुढे येत नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी तिच्या डोक्यावर चढव, आणि घरी येऊन आंघोळ कर.

माझी मुलगी उठून बसली. ‘आई, मदत केली तर आंघोळ कशाला?’

मी हे प्रकरण लहानपणी दहा वेळा तरी वाचलं असेल. मला ती आंघोळ कधी दिसलीच नव्हती. मला फक्त आईचा चांगुलपणा दिसला होता.

काय सांगू तिला? जे होतं ते सांगितलं. शिवाशिव म्हणजे काय, ती माणसामाणसांत कशी पाळली जायची, आणि इतकी मायाळू आईसुद्धा त्यातून सुटली नव्हती. गुरुजींना ती आंघोळ गाळता आली असती. आईची मूर्ती आणखी उजळ दिसली असती. त्यांनी गाळली नाही. मग तिला पंढरपूरचं सांगितलं. मे 1947 मध्ये विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून याच श्यामने, म्हणजे साने गुरुजींनी, दहा दिवस उपोषण केलं, आणि मंदिर खुलं झालं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘ती आजी कुठे राहायची? तिचं नाव काय होतं?’

मी पुन्हा पान उघडून शोधलं.