सुदाम्याचं वकीलपत्र

श्रोतेहो, नमस्कार.

‘बहु असोत सुंदर संपन्न की महा’ हे महाराष्ट्रगीत आपल्यापैकी अनेकांनी शाळेत उभं राहून म्हटलेलं आहे. ते लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर पेशानं वकील होते. जन्म १८७१चा, नागपूरचा. १८९७ साली ते एलएल. बी. झाले आणि पुढे अकोला, खामगाव, जळगाव-जामोद या वऱ्हाडातल्या गावांत त्यांनी वकिली केली. नाटकं लिहिली, कादंबऱ्याही लिहिल्या. पण मराठी माणसानं त्यांना मनात ठेवलं ते विनोदासाठी.

आणि १९०२ साली ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात पहिला विनोदी लेख लिहिला, त्याचा विषय काय? ‘साक्षीदार’!

आम्हा वकिलांना यात काही नवल वाटत नाही. इथं सोलापूरच्या कोर्टात पुकारा होतो. अक्कलकोटकडचा एखादा म्हातारा पिंजऱ्यात येतो, टोपी काढून मुठीत धरतो, शपथ घेतो आणि पहिल्यांदा बघतो ते आपल्या वकिलाकडे. घरी कन्नड, साक्ष मराठीत. बांध कुणी फोडला एवढंच विचारलेलं असतं. तो सुरुवात करतो चुलत्याच्या लग्नापासून. माणूस रोज इतक्या जवळून बघायला मिळणं, ही लेखकासाठी केवढी शिदोरी!

पण कोल्हटकरांनी कोर्टातून विषयापेक्षा मोठी गोष्ट उचलली, असं मला वाटतं. ती म्हणजे युक्तिवाद. पदरी पडलेली बाजू कितीही लंगडी असो, वकिलाला ती गंभीर चेहऱ्यानं मांडावी लागते. त्यांच्या विनोदी लेखांतला सुदामा तेच करतो. बंडूनाना आणि पांडूतात्या या दोस्तांना बरोबर घेऊन तो जुन्या रूढीचं वकीलपत्र घेतो, तिच्या बाजूनं एकेक मुद्दा मनापासून मांडत जातो, आणि मांडता मांडताच ती रूढी उघडी पडते. निकाल द्यायचा वाचकानं. सुधारणेवर व्याख्यान झोडलं असतं तर त्या काळच्या सनातनी घरात कुणी ऐकून घेतलं नसतं. हसता हसता मात्र ऐकलं.

पहिले अठरा लेख १९१०मध्ये ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ म्हणून निघाले, पुढे त्यांचे बत्तीस झाले आणि ‘सुदाम्याचे पोहे’ घरोघरी गेले. राम गणेश गडकरी कोल्हटकरांना गुरू मानत. गडकऱ्यांचं ‘बाळकराम’ या नावानं केलेलं विनोदी लेखन याच वाटेनं आलं.

आजच्या कानाला यातली वाक्यं लांब वाटतील, कोट्यांची गर्दीही जाणवेल. कंटाळून पुस्तक मिटू नका. वाचनालयात मागून घ्या, ‘साक्षीदार’पासून सुरुवात करा, आणि घरातल्या दोघा-तिघांना बसवून मोठ्यानं वाचा. ही वाक्यं उभं राहून बोलायची सवय असलेल्या माणसाची आहेत. त्यांचा खटका कानावर पडल्यावरच कळतो.

नमस्कार.